नुसतं ‘छान’ म्हणायचं नाही

नाशिक,
५ जानेवारी १९९९

शुभांगी,

आधी ‘प्रिय’ लिहिलं होतं. ते खोडलं, मग कागदच बदलला. खोडलेलं ‘प्रिय’ तुला दिसावं एवढीही माझी इच्छा नाही.

रविवारी तू बोललीस आणि गाडी चुकेल म्हणून स्टेशनकडे निघून गेलीस. मागे राहिलेल्यांचं काय झालं ते तुला कळायला हवं. भारतभाऊंच्या घरी वहिनींनी आणलेला चहा सगळ्यांच्या हातात होता आणि कोणी पीत नव्हतं. भारतभाऊंनी द्राक्षांच्या पेट्यांचा विषय काढला. पिंपळगावला यंदा पुठ्ठा कमी पडणार, निर्यातीचा माल वाढलाय, वगैरे. जणू आम्ही सगळे त्यांच्या पेट्यांच्या कारखान्यात कामाला आहोत. सावळीरामकाकांनी ॲम्प्लिफायरचं झाकण उघडून त्यात तोंड खुपसलं. देवळाली कॅम्पच्या वर्कशॉपमधून निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, तरी अवघड वेळ आली की त्यांचा हात स्क्रूड्रायव्हरकडे जातो. आणि मी? मी दारात चपला शोधत उभी राहिले. चपला समोरच होत्या.

तू जे बोललीस ते इथे लिहून ठेवते, कारण महिन्याभराने तू म्हणशील, ‘मी असं कुठे म्हटलं?’ तू म्हणालीस, “प्रतिभा, कॅसेटमध्ये काही कमी नाहीये. कमी तुझ्या कानात आहे. दाखवून घे आता.”

सगळ्यांसमोर. वहिनींसमोरसुद्धा, ज्या आपल्या बैठकीत फक्त चहापुरत्या येतात.

माझी वेदिका बालवाडीत होती तेव्हापासून आपण महिन्याच्या पहिल्या रविवारी बसतोय. ज्याने नवी कॅसेट घेतली त्याने ती पेटीच्या पुठ्ठ्यात गुंडाळून आणायची, म्हणजे नाव बघून कोणी भारावून जायला नको. एक बाजू ऐकायची. आणणाऱ्याने आधी मत द्यायचं, मग बाकीच्यांनी. आणि जो नुसतं ‘छान’ म्हणेल त्याने सगळ्यांच्या कपबशा धुवायच्या. हा नियम तूच काढलास. या नियमापायी भारतभाऊंनी आयुष्यात पहिल्यांदा विम बार हातात धरला, हे वहिनी अजून सांगतात. आपण एकमेकांच्या आवडत्या गायकांना काय काय बोललोय! पण एकमेकांच्या कानांना कधी नाही. कोणी माणसाच्या अंगाला हात घातला नव्हता.

हृषीकेश जोगदंडांचा संतूर मी आणला. मी म्हटलं, ध्वनिमुद्रण वाईट आहे. लाकडावर लाकूड आपटल्यासारखं वाजतंय, तारांची चमक कुठेच नाही. आजही तेच म्हणते. पट्टी वाजवल्यासारखा संतूर मी पहिल्यांदा ऐकला. आणि ही एकच कॅसेट नाही. डिसेंबरात आणलेल्या भजनांमध्ये टाळ पार कापून टाकलेत. त्याआधीच्या ठुमरीत तानपुरा ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवल्यासारखा. सगळ्या कंपन्या एकदम बिघडल्या हे तुला पटत नाही. मला पटतं. आजकाल न बिघडलेलं काय आहे?

मी डेकचं हेड स्पिरिटच्या बोळ्याने रोज पुसते. हेडजवळचा तो बारीक स्क्रू, जो फिरवला की वरचे आवाज उघडतात, तोही फिरवून पाहिला. डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे. आता तर माझ्या जुन्या कॅसेटसुद्धा घुसमटल्यासारख्या वाजतात. म्हणजे डेकच गेला. तू कानाला दोष देण्याआधी डेक का नाही आठवला?

आणि लक्षात ठेव, वर्षभर माझ्या एकाही मताला भारतभाऊंनी किंवा काकांनी नाही म्हटलेलं नाही. ते दोघे ऐकतात. तू एकटीच वेगळं ऐकतेस, तर कान कोणाचे तपासायचे?

फोन करू नकोस. आमची लाईन खराब आहे. माणूस पाण्याखालून बोलतोय असं वाटतं. लाईनमनला बोलावलं तर तो म्हणतो, “ताई, खणखणीत हाय.” त्यालाही काम नको.

प्रतिभा


१८ जानेवारी १९९९

शुभांगी,

संक्रांतीचं कार्ड मिळालं. तिळगुळाची पुडी फुटून सगळं कार्ड चिकट झालंय. त्यावर तू लिहिलंस, ‘माझं चुकलं, संतूर खरंच जरा बोथट होता, विसरून जा.’

का गं? पंधरा दिवसांपूर्वी तोच संतूर तुला लखलखीत वाटत होता. ‘तारा बघ कशा चमकतायत’ हे तुझेच शब्द. मग आता बोथट कसा झाला? तुझ्या नांदगावच्या हवेत गंजला का? तुझं आधीचं बोलणं मला जितकं लागलं नाही तितकं हे लागलं. मी तुझ्यावर रागावले म्हणून तू मत बदललंस! तूही! एकेकाळी मालती उपळेकरांच्या एका गांधारावरून तू माझ्याशी दोन महिने बोलत नव्हतीस.

तरी मी शहानिशा केली. आम्ही सीडी प्लेअर घेतला. हे म्हणाले, “कॅसेटींनी कपाट भरलंय, आता हे कुठे मांडणार?” मी टीव्ही हलवला. त्याच जोगदंडांची सीडी मेन रोडच्या दुकानातून आणली. सीडीला हेड नाही, स्क्रू नाही, फीत नाही. आता कोणाला काही बोलायला जागा नको.

लावली. तेच. लाकूड.

वरचे आवाज वाढवणारं ट्रेबलचं बटण मी शेवटपर्यंत फिरवलं. तेव्हा कुठे जरा तारा आहेत असं वाटायला लागलं. मी डोळे मिटले तर वेदिका दोन्ही कानांत बोटं घालून आतल्या खोलीतून धावत आली. “आई! बंद कर! कान फाटतील माझे!” मी म्हटलं, आजकालच्या पोरींना साधा संतूर सहन होत नाही, आणि कॉलेजच्या गॅदरिंगला भिंती हलेपर्यंत नाचतात. मग तिने बटण हळूच मागे आणलं आणि विचारलं, “आता?” मी म्हटलं, “आता बरं आहे.”

बरं नव्हतं. मी तसं का म्हणाले माहीत नाही.

शाळेतही तेच चाललंय. या वर्षीच्या तिसरीच्या पोरी ओठातल्या ओठात बोलतात. पहिल्या बाकावरची एक तर कविता म्हणते तेव्हा नुसती तोंड हलवते की काय असं वाटतं. मी हेडबाईंकडे तिची तक्रार केली. हेडबाई म्हणाल्या, “बघू हं.” आमच्याकडे हल्ली सगळेच ‘बघू हं’ म्हणतात.

एक गोष्ट मात्र डोक्यातून जात नाही. तुला बोलणार नव्हते, पण बोलायला दुसरं आहे कोण? तुझं ते वाक्य आठवताना मी आठवायला लागले की त्याआधी मला बैठकीत शेवटचं ‘नाही’ कोण म्हणालं होतं. भारतभाऊ? त्यांना तर माझी प्रत्येक कॅसेट न आवडण्याची सवय होती. “प्रतिभाताई, हा माणूस गातोय की गहू निवडतोय?” असं विचारणारा माणूस. ते असं शेवटचं कधी बोलले?

मला आठवत नाही. मागची दिवाळी? तिच्या आधीची?

फेब्रुवारीच्या बैठकीला तू येऊ नकोस. मला एक बघायचं आहे आणि तू समोर नको आहेस.

प्रतिभा


९ फेब्रुवारी १९९९

शुभांगी,

तू आली नाहीस ते बरं झालं. मी तुझ्या तोंडावर काहीतरी फेकलं असतं.

शनिवारी मी भद्रकालीत फुटपाथवर गेले आणि तिथल्या माणसाला म्हटलं, तुझ्याकडची सगळ्यात वाईट कॅसेट दे. तो हसला. म्हणाला, “बाई, लोक चांगली मागून वाईट नेतात, तुम्ही पहिल्याच.” त्याने आरत्यांची एक कॅसेट दिली. मशीनचा ठेका, मागे कोणीतरी इंग्रजीत एक-दोन-तीन-चार म्हणतंय, आणि गाणाऱ्याला सर्दी झालेली. घरी मी अर्धी बाजू ऐकली. ती वाईट आहे हे कळायला कान लागतच नाहीत.

रविवारी पुठ्ठ्यात गुंडाळून नेली. वाजवली. भारतभाऊंच्या चेहऱ्याकडे बघत होते. पहिल्या कडव्यालाच त्यांच्या भुवया वर गेल्या आणि लगेच त्यांनी त्या खाली आणल्या. हातांनी नाही, पण तसंच. बाजू संपली. मी मत दिलं. म्हटलं, कित्येक वर्षांत इतकं खोल काही ऐकलं नाही. आवाजात एक ओल आहे. ठेका धीट आहे. 

भारतभाऊ खाकरले. “वेगळाच प्रयोग आहे हो. छान.”

“काका?”

सावळीरामकाका पायाच्या अंगठ्याकडे बघत म्हणाले, “छान हाय की.”

मी म्हटलं, “दोघांनीही नुसतं छान म्हटलंत. मग कपबशा कोण धुणार?”

आत मोरीत नळ चालू होता. वहिनी दाराशी येऊन उभ्या राहिल्या आणि मला कळलं, त्यांनाही माहीत आहे.

“भाऊ,” मी म्हटलं, “हा माणूस गातोय की शिंकतोय?”

भारतभाऊंना हसू फुटलं. शुभांगी, ते खरं हसू होतं, कितीतरी दिवसांनी, आणि ते दाबायला त्यांनी तोंडाला रुमाल लावला. मग रुमाल तसाच राहिला. भला माणूस आहे. पेट्यांच्या धंद्यात व्यापाऱ्यांना शिव्या घालतो आणि माझ्यासमोर बसून रडतो.

काका बोलले. त्यांना खोटं फार वेळ धरून ठेवता येत नाही. “ताई, आता तुमच्यापासून काय लपवायचं. मागच्या दिवाळीच्या आधल्या दिवाळीपासनं ठरलंय. तुमच्या ध्यानात येत नव्हतं, आमच्या येत होतं. शुभांगीताईच म्हणल्या, प्रतिभाचं मन मोडू नका, तिला दुसरं काय हाय? तुम्ही यायच्या आधी मी ट्रेबल वाढवून ठेवतो. भारतभाऊंचं डोकं दुखतं, ते गोळी घेऊन बसतात. तुम्ही गेल्या की मी कमी करतो. लय वाईट वाटायचं, पण तुम्ही खूश व्हायच्या.”

तिला दुसरं काय आहे.

हे तू म्हणालीस. माझ्या माघारी. मला नवरा आहे, मुलगी आहे, चाळीस पोरींचा वर्ग आहे, आणि तू भारतभाऊंच्या सोफ्यावर बसून ठरवलंस की मला दुसरं काही नाही. आणि जे एकच काही आहे असं तुला वाटलं, तेच तू काढून घेतलंस. कान नाही म्हणत मी. कान गेले असतील तर ते कोणी काढून घेतले नाहीत. तू माझ्याकडून आपली भांडणं काढून घेतलीस. मी वर्षाहून जास्त काळ त्या खोलीत बसून बोलत होते आणि समोर तीन माणसं माना हलवत होती, वेडसर आत्याला हो म्हणावं तशी. मी घरी जाताना रिक्षात स्वतःशीच हसायचे. आज सगळ्यांना पटलं म्हणून.

तू मला जानेवारीत जे बोललीस ते या सगळ्या काळातलं तुझं पहिलं खरं वाक्य होतं. त्याच्यासाठी मी तुझ्यावर रागावले होते! आता तो राग मी परत घेते आणि उरलेल्या सगळ्या रविवारांसाठी रागावते. हा त्याहून पुष्कळ मोठा आहे. 

आणि संक्रांतीला पुन्हा तेच केलंस. ‘संतूर जरा बोथट होता.’ लाज वाटली नाही?

कपबशा मी धुतल्या. वहिनी नको नको म्हणत होत्या. मी म्हटलं, मला काहीतरी धुवू द्या.

प्रतिभा


२७ फेब्रुवारी १९९९

शुभांगी,

तुझी दोन पत्रं आली आहेत. उघडलेली नाहीत. माफी असेल तर उघडायची नाहीत.

कान दाखवून आले. तू सांगितलंस म्हणून नाही. वेदिकाने वेळ घेऊन ठेवली होती. मला बसमध्ये बसवल्यावर सांगितलं. पोरगी तुझ्यावर गेलीय.

एका पेटीसारख्या खोलीत बसवतात, कानांवर जाड हेडफोन आणि हातात बटण. आवाज आला की दाबायचं. काचेपलीकडे एक मुलगी, वेदिकाएवढीच. सुरुवातीला खालचे आवाज आले, गोल, चांगले. मी दाबत गेले. मग अंतर वाढायला लागलं. मला वाटलं, बराच वेळ झाला, आता एखादा आवाज येऊन गेला असणार. म्हणून दाबलं. पुन्हा दाबलं. ती मुलगी आत आली, माझ्याशेजारी वाकली आणि हळूच म्हणाली, “मावशी, आता मी काहीच लावलेलं नव्हतं.”

मी कॉपी करताना पकडले गेले. तिसरीच्या वर्गाची बाई.

त्यांनी कागद दिला. त्यावर एक रेघ आहे. डावीकडून येते, बऱ्यापैकी सरळ चालते आणि मग रामशेजच्या किल्ल्यावरून खाली उतरावं तशी कोसळते. डॉक्टर म्हणाले, खालचे स्वर शाबूत आहेत, वरचे गेलेत. हळूहळू जातात म्हणून माणसाला कळत नाही. बोलणं बरंच समजतं, त्यामुळे आपण दुसऱ्यांना पुटपुटे समजतो. “या वयात व्हायला लागतं कुणाकुणाला.” मी विचारलं, कुठल्या वयात? मी सेहेचाळीस वर्षांची आहे. ते म्हणाले, “यंत्र बसवू. बोलणं स्पष्ट होईल.” मी विचारलं, तानपुरा? त्यांना प्रश्न कळला नाही. त्यांची चूक नाही, पण मला त्यांचाही राग आला. तिथल्या कॅलेंडरचासुद्धा.

घरी येऊन तानपुऱ्याची कॅसेट लावली आणि स्पीकरला कान लावून बसले. खर्जाची तार येते. पोटात येते. पण तारेतून जे वर उठतं, ते धुक्यासारखं, जे ऐकायला आपण गाण्याआधी गप्प बसायचो, ते नाही. ते कधी गेलं? कुठल्या दिवशी? निदान शेवटचं ऐकतोय हे कळायला हवं होतं.

हे तुला सांगायला लिहिलेलं नाही. कामाचं वेगळंच आहे.

परवापासून मी माझी सगळी मतं पुन्हा तपासतेय. संतूर, भजनं, ठुमरी, ज्या ज्या मतांत ‘अमुक आवाजच नाही’ होतं, त्या सगळ्यांत दोष माझ्याच कानांचा होता. मान्य. त्यांच्यावर फुली मारली. पण मग एक उरलं.

गेल्या श्रावणात मी मालती उपळेकरांची दरबारीची कॅसेट आणली होती. आठवते? मी तेव्हा म्हटलं होतं, आलापात बाई खालच्या षड्जावर येतात तो षड्ज त्या जागेचा नाही. दुसऱ्या वेळचा आणून तिथे जोडलाय. उपळेकरांसारख्या बाईंनी हे करावं याचा मला धक्का बसला होता. मी हे बोलले आणि तुम्ही काय केलंत? काका म्हणाले, “वा!” भारतभाऊ म्हणाले, “काय कान आहे ताई तुमचा.” तू म्हणालीस, “छान पकडलंस,” आणि भजी तळायला वहिनींना मदत करायला उठलीस.

ते मत खालच्या स्वरांबद्दल होतं, शुभांगी. जिथे माझी रेघ सरळ आहे. मी बरोबर असू शकते. आणि आपल्यापैकी कोणीही ते तपासलं नाही, कारण तुम्ही बाकीच्या खोट्या माना हलवत होता त्यातच ती एक हलवलीत. माझं एक खरं मत तुम्ही दयेच्या ढिगात टाकून दिलंत.

मला माफी नको. मला मत दे. माझ्या सगळ्या कॅसेटींवर, जे तेव्हा बोलली नाहीस ते सगळं, नाव घेऊन, कारण देऊन. आणि दरबारी पुन्हा ऐक. नीट ऐक. मी तिथे वेडी ठरत असेन तर तसं लिही. पण ऐकल्याशिवाय एक अक्षर लिहू नकोस.

मार्चच्या बैठकीला मी जाणार नाही. काकांना निरोप दिलाय.

प्रतिभा


२९ मार्च १९९९

शुभांगी,

पत्र मिळालं. पोस्टमन म्हणाला, “बाई, वही पाठवलीय का कोणी?” 

पहिल्या पानावर तुला मारावंसं वाटलं. दुसऱ्यावर हसू आलं. भजनांच्या कॅसेटबद्दल तू लिहिलंस, ‘टाळ इतके कर्कश आहेत की तुला ते ऐकू येत नाहीत याचा त्या दिवशी मला हेवा वाटला.’ नालायक आहेस. हे तू तेव्हा तोंडावर म्हणाली असतीस तर मी चार दिवस बोलले नसते आणि पाचव्या दिवशी सगळं ठीक झालं असतं.

ठुमरीबद्दलही तुझं खरं असेल. मी सोडून देते. पण संतूराबद्दल तू जे लिहिलंस ना, ‘चांदणं सांडल्यासारखं’, ते खोड. पेपरात लिहितेस का? चांदण्याचा आवाज मला आधीही कधी आला नव्हता. चिडून पान उलटलं तर खाली तूच लिहिलंय, ‘थांब. तापल्या तेलात बारीक मोहरी टाकल्यावर तडतडते तसं, पण थंड.’ हे मला कळलं. मोहरी मला आठवते. फोडणी करताना मी गॅसजवळ उभी राहिले. मोहरी उडताना दिसली. बाकीचं तुझ्या वाक्याने ऐकलं. यापुढे असं लिही. चांदणं वगैरे इतरांना पाठव.

‘तिला दुसरं काय आहे’ याबद्दल तू म्हणतेस की तू ते स्वतःबद्दल बोलत होतीस. नांदगावला भाऊजींचं दुकान, दिवसभर बियाणं आणि पाइप, बोलायला कोणी नाही, महिन्यातून एक रविवार. मी ते तीनदा वाचलं. तसं असेल तर तू जास्तच मूर्ख आहेस. स्वतःची कीव यायची ती माझ्यावर कशाला ओतलीस? राग गेलेला नाही. थोडा तुझ्या दुकानाकडे वळलाय एवढंच.

पुढच्या आठवड्यात यंत्र येईल. शाळेतल्या त्या पहिल्या बाकावरच्या पोरीला मी माझ्या टेबलाजवळ बोलावलं आणि म्हटलं, मला कमी ऐकू येतं, तू मोठ्याने म्हण. तिने इतक्या मोठ्याने कविता म्हटली की शेजारच्या वर्गाच्या बाई बघायला आल्या. तक्रारीचं ती विसरलीय. मी नाही.

आता दरबारी.

तू लिहिलंस, ‘दोनदा ऐकली. तिथे काही नाही. तुला भास झाला. उपळेकरांचा षड्ज स्वच्छ आहे आणि तू तुझ्या कानांचा राग त्यांच्यावर काढतेस.’

वाचलं आणि माझे कान तापले. दोन्ही. कितीतरी दिवसांनी कोणीतरी मला साफ खोटं ठरवलं. मी उठून कॅसेट लावली आणि हे येऊन विचारायला लागले, जेवण आहे की नाही आज. मी म्हटलं, डाळ-भात लावा.

ऐक. तू षड्ज ऐकलास. मी षड्जाच्या सुराबद्दल म्हणतच नाहीये. षड्ज स्वच्छ आहे. त्याच्या खालचा तानपुरा ऐक. पंचम, जोड, जोड, खर्ज, अशा चार तारांवरून तो फिरतो. सगळी बाजूभर फिरतो. एखाद्या रहाटासारखा. बाई मंद्र निषादावर थांबतात, श्वास घेतात असं वाटतं, आणि षड्ज लागतो, तिथे पहिल्या जोडानंतर एकदम खर्ज येतो. दुसरा जोड नाहीच. गिळलाय. तानपुरा वाजवणारा इतकी वर्षं सुरात बसलेला माणूस नेमका तिथेच चुकेल? कोणीतरी कात्री लावलीय. तू चमक ऐकत बसतेस, तुझं लक्ष वरच्या धुक्यात असतं. मला धुकं नाही. मला फक्त खर्जाची तार आहे, ती मी बोटांवर मोजून ऐकते. हवं तर काकांना विचार, त्यांच्या स्पीकरचा बास खोटं बोलत नाही.

किंवा विचारू नकोस. काका मला घाबरून ‘हो’ म्हणतील. अजून सवय गेलेली नाही त्यांची. परवा भेटले तर माझ्या नव्या साडीलाही ‘लय छान’ म्हणाले.

येत्या रविवारी मी बैठकीला येणार आहे. काकांना सांगितलंय, ट्रेबल तुम्हाला आवडतं तिथे ठेवा, भारतभाऊंना गोळी घ्यायला लावू नका. दरबारी मी घेऊन येते. सगळ्यांसमोर लावू. मी खोटी ठरले तर तू मोठ्याने सांगायचंस, आणि भारतभाऊंनी मध्ये द्राक्षांचा विषय काढला तर त्यांना गप्प करायचंस. तू खोटी ठरलीस तर मी काय बोलेन ते आत्ताच ठरवून ठेवलंय. ते इथे लिहीत नाही.

सकाळच्याच गाडीने ये. आणि सोफ्यावर माझ्या उजव्या हाताला बस. डावा कान जास्त गेलाय, आणि तू मला जे काही बोलणार आहेस त्यातला एक शब्दही मला चुकवायचा नाही.

प्रतिभा